वेणीअक्कांचा अवसर

वेणीअक्का घाबरट होत्या, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कोणीतरी म्हणेल, बाई मुळातच धीट असणार, त्यांना काय अवघड! धीट कसल्या? दाराला कुलूप लावून जिना उतरल्या की अर्ध्यातून पुन्हा वर, कुलूप ओढून बघायला. आकाशात ढगाचा पत्ता नसताना हातात छत्री. दूध तापायला ठेवलं की पातेल्यासमोरून हलायच्या नाहीत. आणि तोंडात सदा एकच पालुपद, "अवसर नको." रिक्षावाल्याला अवसर नको, भाजीवालीला अवसर नको, कॉफी गरम आहे, अवसर नको.

मी लग्न होऊन पुण्याहून मद्रासला आले ती छप्पन साली. ट्रिप्लिकेनमध्ये पार्थसारथीच्या देवळामागच्या गल्लीत त्यांच्या भावाचं, अप्पाजीरावांचं, घर होतं. आमचे हे लग्नाआधीपासून त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचे, म्हणून मी सगळ्या घराची वहिनी झाले. वेणीअक्का, म्हणजे कृष्णवेणी, तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. तंजावरच्या. लहानपणी लग्न झालं आणि लहानपणीच संपलं. भावाने मद्रासला आणलं, घरी बसवून शिकवलं, परीक्षा द्यायला लावल्या, आणि त्या मुलींच्या एका शाळेत मराठीच्या पंडित झाल्या. तिकडे भाषा शिकवणाऱ्याला पंडितच म्हणत, मग ती बाई का असेना.

त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला कळेना, या बोलताहेत की पोथी वाचताहेत. "वहिनी, जेवण जाहलें काय?" मध्येच दोन तमिळ शब्द, आणि चाल तर पुरती तमिळ, वाक्य शेवटाला वर चढवायचं. मी हसायची. माझी जीभ पुण्याची, तिला दम कसला तो नाही. पण त्या रागवायच्या नाहीत. म्हणायच्या, आमची माणसं इकडे येताना जी भाषा अंगावर घालून आली तीच आम्ही धुऊन-धुऊन वापरतो, तुम्ही तिकडे नवी शिवून घेतलीत.

त्यांचं ते अवसर मात्र मला कधी खटकलं नाही. तमिळमध्ये घाईला अवसरम् म्हणतात, सगळा बाजार दिवसभर तेच ओरडत असतो. मला वाटायचं, बाई मध्येच तमिळ शब्द टाकताहेत, झालं. त्यांना तो आपला मराठीच शब्द वाटतो हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

अठ्ठावन सालची गोष्ट. शाळेत मराठी घेणाऱ्या मुली आधीच थोड्या. तंजावरकडच्या घरांतल्या मुलीही तमिळ घ्यायला लागल्या होत्या. वर्ग आज बंद होतो की उद्या, ही धाकधूक वेणीअक्कांना बाराही महिने. त्यात त्या वर्षी खांबेटे नावाचे एक बडे सरकारी अधिकारी बदलून मद्रासला आले आणि त्यांची चारुलता अकरावीला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला, या वर्गात बसली. मुलगी गोड होती, बोलायला चटपटीत. पण आई! महिनाभरात त्या हेडमिस्ट्रेसबाईंकडे तक्रार घेऊन गेल्या की, या पंडितबाई शिकवतात ती मराठी कुठल्या गावची? माझी मुलगी घरी येऊन कसलेकसले शब्द सांगते. हेडमिस्ट्रेस त्रिपुरसुंदरी अम्माळ. शिस्तीच्या, सरळ, पण मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी वेणीअक्कांना बोलावून सांगितलं की, नव्या वर्षात इन्स्पेक्टर येतील तेव्हा मराठीचा वर्ग नीट तपासायला सांगणार आहे. वेणीअक्कांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्या दिवसापासून त्या वर्गात शब्द तोलूनमापून बोलायला लागल्या. पण कुठला शब्द तोलायचा हे कळायला तो चुकलाय हे तरी माहीत हवं ना!

डिसेंबरात सिलेक्शन परीक्षा झाली. शाळेची ही परीक्षा पास झाली तरच मुलीला एस.एस.एल.सी.च्या सरकारी परीक्षेला पाठवत. पेपर झाल्यावर दोन दिवसांनी वेणीअक्का संध्याकाळी वर माझ्याकडे आल्या. बसल्या, उठल्या, खिडकीतून खाली पाहून आल्या. मग हळूच म्हणाल्या की, एका बाकावरच्या दोन मुलींचा निबंधातला एक अख्खा परिच्छेद सारखा आहे, शब्दाला शब्द. नावं सांगितली नाहीत. आता काय करायचं?

आमचे हे वर्तमानपत्र वाचत होते, तिथूनच म्हणाले, दोघींना निम्मे मार्क द्या आणि मिटवा. वेणीअक्का बिचाऱ्या मान हलवून खाली गेल्या. मला वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय! दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. जेवण नाही, झोप नाही, डोळे खोल गेलेले. न सांगावं तर पुढे कोणी बघितलं की खांबेटेबाई म्हणणार, पंडितबाई झाकतात. सांगावं तर एका पोरीचं वर्ष बुडणार, कारण कॉपी करणारीला परीक्षेला पाठवायचं नाही असा शाळेचा कडक नियम होता. पण सगळ्यात जास्त त्यांना खात होतं ते वेगळंच. म्हणाल्या, "जिने आपल्या डोक्याने लिहिलं, तिचे निम्मे मार्क मी कोणत्या तोंडाने कापू?"

मी म्हटलं, मग सांगून मोकळ्या व्हा. हेडमिस्ट्रेस दोघींना बोलावतील, विचारतील, खरं काय ते निघेल. त्यांनी आणखी दोन दिवस घेतले. पेपरांचा गठ्ठा ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली कमरेला, आणि हात सारखा किल्लीवर. शेवटी सोमवारी सकाळी गठ्ठा छातीशी धरून गेल्या.

संध्याकाळी परत आल्या त्या जिन्यातच बसल्या. मी पाणी नेलं तर पेला बाजूला ठेवून सांगायला लागल्या. हेडमिस्ट्रेसने कोणाला काही विचारलंच नव्हतं. दोन्ही पेपर समोर ठेवले, नावं पाहिली आणि निकाल दिला. एक मुलगी खांबेट्यांची, पुण्याकडची, घरात शुद्ध मराठी. दुसरी सरोजा, तंजावरकडची, घरात निम्मं तमिळ. मग कोणी कोणाचं उतरवलं यात विचारायचं काय? सरोजाला परीक्षेला पाठवायचं नाही, शुक्रवारी बापाला घेऊन यायचं.

ही सरोजा म्हणजे जॉर्ज टाउनमध्ये मिरीवेलचीच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे कारकून असलेल्या राणोजींची मुलगी. मी तिला ओळखत होते, सुट्टीच्या दिवशी वेणीअक्कांकडे शिकायला यायची. अबोल पोर. टीचर ट्रेनिंगला जायचं म्हणून एकच ध्यास. आणि राणोजींनी आधीच सांगून ठेवलेलं की, यंदा परीक्षा झाली तर ट्रेनिंग, नाही झाली तर आषाढाआधी मामाशी लग्न, तिकडे तशी रीतच. मामा तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, कुंभकोणमला. म्हणजे त्या एका परिच्छेदावर पोरीचा जन्म टांगलेला होता, वर्ष नव्हे.

मी विचारलं, सरोजा काय म्हणाली? काही नाही. 'मी लिहिलं, टीचर' एवढं म्हणून रडत उभी राहिली. आणि वेणीअक्का मान खाली घालून म्हणाल्या की, खरं सांगू का वहिनी, मलाही आतून तसंच वाटलं होतं. पुण्याची मुलगी आमच्या पोरीचं कशाला बघेल?

मला इतका राग आला! त्यांचा, हेडमिस्ट्रेसचा, कोणाचा ते सांगता येत नाही. मी म्हटलं, आणा तो निबंध. त्यांनी परिच्छेद एका कागदावर उतरवून आणला होता. विषय होता धीर. त्या म्हणाल्या, तुम्ही पुण्याच्या, वाचून बघा हे कोणाच्या घरचं आहे. आणि मी मोठ्याने वाचायला लागले.

"अवसराने केलेले काम नासते. जो अवसर करतो, त्याला मागाहून पश्चात्ताप होतो. म्हणून शहाण्या माणसाने अवसर टाळावा."

मी हसत सुटले. आवरेचना. वेणीअक्का माझ्याकडे बघताहेत, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, अहो अक्का, अवसर म्हणजे संधी! शहाण्या माणसाने संधी टाळावी? संधीने केलेलं काम नासतं? हा कुठला उपदेश?

त्या म्हणाल्या, "अवसर म्हणजे घाई."

मी सांगितलं, तमिळमध्ये. मराठीत नाही. त्या म्हणाल्या, आमची आजी म्हणायची, तिची आजी म्हणायची. पोथीत कितीदा येतो. मी म्हटलं, पोथीत वेळ म्हणून येतो, प्रसंग म्हणून येतो. त्या थांबल्या. ओठ हलत होते, मनातल्या मनात कुठल्याशा ओव्या आठवून बघत असाव्यात, एकेक. बहुतेक ठिकाणी घाईचा अर्थही बसून जात असणार, म्हणून जन्मभर कळलं नाही. मग एकदम त्यांनी माझं मनगट धरलं.

"वहिनी, तुमच्याकडची मुलगी असं लिहील?"

"जीव गेला तरी नाही."

माझ्याही तेव्हाच डोक्यात उजेड पडला. हे वाक्य सरोजाचंच. चारुलताने घाईघाईत बघून उतरवलं, अर्थाकडे लक्षच दिलं नाही. मी आनंदाने उठले, म्हटलं, झालं, सुटली पोर! पण वेणीअक्का उठल्या नाहीत. त्यांना दुसरी बाजूही दिसली होती, मला नव्हती. सरोजाला तो शब्द कोणी शिकवला? वर्गात रोज, फळ्यापुढे उभं राहून? हेडमिस्ट्रेसपुढे आणि खांबेटेबाईंपुढे तो शब्द चूक म्हणून दाखवायचा, म्हणजे इन्स्पेक्टर यायच्या आधी आपल्याच हाताने आपला वर्ग बंद करायचा.

शुक्रवारपर्यंतचे दिवस अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. मार्गशीर्षातल्या सकाळी, गल्लीत दारोदार रांगोळ्या, आणि ही बाई उंबऱ्यात पिठाची वाटी घेऊन नुसती उभी. मी सुचवलं, फक्त चारुलताला बाजूला घेऊन विचारा, कबूल करेल. त्या म्हणाल्या, आई करू देणार नाही. मी म्हटलं, मग मी येते, मी सांगते हेडमिस्ट्रेसना, तुम्ही गप्प बसा. यावर त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, या बरोबर, मला एकटीने जाववणार नाही. पण बोलेन मी.

हेडमिस्ट्रेसच्या खोलीत खांबेटे नवराबायको खुर्च्यांवर, राणोजी भिंतीशी उभे, हातात टोपी. दोन्ही मुली समोर. मी वेणीअक्कांच्या शेजारी. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि पदराने पुसायचं भान नव्हतं. त्रिपुरसुंदरी अम्माळ बोलायला लागल्या तोच वेणीअक्का उठल्या. म्हणाल्या, एक प्रश्न विचारायची परवानगी द्या. आणि चारुलताकडे वळून मराठीत म्हणाल्या,

"बाळ, अवसर म्हणजे काय?"

मुलगी हुशार. पटकन म्हणाली, "संधी. चांगली वेळ."

खांबेटेबाईंनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. बघा, याला म्हणतात मराठी, असा भाव. वेणीअक्का म्हणाल्या, बरोबर सांगितलंस. आणि तिचा पेपर तिच्या हातात दिला. तुझा निबंध वाच, दुसरा परिच्छेद.

चारुलता वाचायला लागली. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्याला आवाज बारीक झाला. तिसऱ्याला ती थांबली. वाक्य डोळ्यांसमोर, आणि आत्ताच स्वतःच्या तोंडाने सांगितलेला अर्थ कानात. मग तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. म्हणाली, वेळ संपत आली होती, बाबा रागावतील म्हणून मी सरोजाचं बघितलं. ते मी हेडमिस्ट्रेसना समजावून सांगितलं.

इथे संपलं असतं. सरोजा सुटली होती. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि वेणीअक्कांच्या पदराला खाली ओढलं, बसा आता. पण खांबेटेबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. लेकीची लाज झाकायला त्यांना दुसऱ्या कोणाची तरी हवी होती. म्हणाल्या की, माझ्या मुलीचं चुकलं, मान्य. पण हिला मराठीतला इतका साधा शब्द येत नाही आणि ही मराठी घेऊन परीक्षेला बसणार? हिला कोणत्या हिशेबाने पास करताय?

हेडमिस्ट्रेसने भाषांतरासाठी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते. सरोजाची मान खाली. राणोजी काही न कळून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघताहेत. मी पुन्हा पदर ओढला. वेणीअक्कांनी तो सोडवून घेतला.

"तो शब्द तिला मी शिकवला," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, म्हणजे हेडमिस्ट्रेसना कोणाच्या भाषांतराची गरज पडू नये. "आमच्या घरात तो तसाच आहे. मला तो चूक आहे हे सोमवारपर्यंत माहीत नव्हतं. तिची चूक नाही, माझी आहे."

मग त्या बसल्या. खांबेटेबाईंनी फक्त 'अच्छा' एवढंच म्हटलं.

सरोजाला परीक्षेला पाठवलं. चारुलताला नाही पाठवलं, नियम तो नियम. याचाही वेणीअक्कांनी जिवाला घोर लावून घेतला. दोनदा हेडमिस्ट्रेसकडे जाऊन आल्या की, पोर आहे, कबूल केलंय, तिला पुन्हा लिहू द्या. मी चिडून म्हटलं, तिच्या आईने तुमचं काय केलं ते विसरलात? तर म्हणतात, आईचं वर्ष नाही गेलं, पोरीचं गेलं. खांबेट्यांनी मुलीला दुसऱ्या शाळेत घातलं, तिथून ती पुढच्या वर्षी पास झाल्याचं कानावर आलं, तेव्हा कुठे यांना नीट झोप लागली.

इन्स्पेक्टर फेब्रुवारीत आले. तोवर वेणीअक्कांनी तो शब्द जिभेवरून खरवडून काढायचा विडा उचलला होता. रिक्षावाल्याला 'अव' म्हणून थांबायच्या आणि मग 'घाई नको' म्हणायच्या. त्याला काय कळणार घाई म्हणजे काय! तो आणखी जोरात पळायचा. हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. त्या 'घाई' म्हणायच्या तेव्हा दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारख्या वाटायच्या. इन्स्पेक्टरांपुढे त्या चांगलं शिकवून आल्या म्हणे. पण तक्रार आधीच पोचलेली होती, कबुलीही. मे महिन्यात शाळेचा हुकूम आला की, जूनपासून मराठीचा वर्ग बंद.

मी घर डोक्यावर घेतलं. अप्पाजीराव म्हणाले, जाऊ द्या, तिला घरी काही कमी नाही. कमी नाही म्हणे! नोकरी करणाऱ्या बाईला घरात 'कमी नाही' म्हणून ठेवणं काय असतं, हे पुरुषांना कोण सांगणार? वेणीअक्कांनी छत्री खुंटीला टांगली, ती खाली काढली नाही.

आणि मग एका सकाळी सरोजा पेपर हातात घेऊन पळत जिना चढून आली. एस.एस.एल.सी.चा निकाल लागला होता. सगळ्या पानभर नुसते नंबर, त्यात तिचा होता. पोरीला धाप लागलेली, बोलता येईना, नुसतं बोट ठेवून दाखवत होती. वेणीअक्कांनी तिला जवळ घेतलं. मामाचं कुंभकोणम टळलं.

माझं मात्र डोकंच फिरलं. मी पेपर ओढून घेतला, म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता त्या त्रिपुरसुंदरीबाईंच्या घरी. हा नंबर त्यांच्या नाकासमोर धरते. म्हणावं, यांनी शिकवलेली मुलगी पास झाली, आता सांगा कोणाची मराठी चूक. मी चप्पल अर्धवट पायात सरकवून निम्मा जिना उतरलेसुद्धा.

"अवसर नको, वहिनी."

मी थांबले. डिसेंबरानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. वळून पाहिलं तर त्या वरच्या पायरीवर, सरोजाच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या.

"आता म्हणायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "आता मी कोणाला शिकवत नाही."